चालू मागाला हात लावू नये: ख्रिस्ती धर्मसमर्थनाची नवशिक्यांसाठी माहितीपुस्तिका

ही पुस्तिका कोणासाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुपारच्या सुट्टीत डबा उघडताना तुम्हाला कोणी "तुमचा देव एक का तीन बे?" असं विचारलं असेल, तर ही पुस्तिका तुमच्यासाठी आहे. कोणी विचारलं नसेल आणि तरीही उत्तर तोंडाशी आलं असेल, तर ती तुमच्यासाठी जास्तच आहे. पहिल्या प्रकारच्या वाचकाने पुढे वाचावं. दुसऱ्याने आधी भाकरी संपवावी.

लेखक इथल्या एका टॉवेल-चादरीच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो आणि रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो. पंचविशीत त्याने तिघांना वादात हरवलं. त्यांतले दोघं अजून त्याच्याशी बोलत नाहीत. अनुभवाचा दाखला म्हणून एवढं पुरे.

उपकरणाची ओळख

इंग्रजीत याला 'अपॉलोजेटिक्स' म्हणतात. नावावरून हे माफी मागण्याचं शास्त्र वाटतं. तसं असतं तर बरीच भांडणं टळली असती. मूळ ग्रीक शब्द 'अपोलोगिया', म्हणजे आरोपीने कोर्टात केलेलं बचावाचं भाषण. मराठीत आपण धर्मसमर्थन म्हणतो. इसवी सन १५५च्या सुमारास जस्टिन नावाच्या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने रोमन सम्राट अँटोनिनस पायस याला उद्देशून असाच एक बचाव लिहिला. ख्रिस्ती लोक नास्तिक आहेत, माणसं खातात, असे आरोप तेव्हा होत होते. जस्टिनने ते एकेक करून खोडून काढले. त्याचा युक्तिवाद आजही अभ्यासला जातो. पुढे दहाएक वर्षांत त्याचं डोकं उडवण्यात आलं. तेव्हा उत्तम बचाव केला की निकाल आपल्या बाजूनेच लागतो, हा समज पहिल्याच पानावर सोडून द्यावा.

उपकरण वापरण्याचा परवाना पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात आहे. त्याला तीन अटी आहेत. कोणी विचारलं तर बोलायचं. आपल्याला जी आशा वाटते तिच्याबद्दल बोलायचं. आणि बोलताना सौम्यता नि आदर सोडायचा नाही. नवशिके उत्तराची तयारी ठेवण्याचा भाग तोंडपाठ करतात आणि अटी लॉटरीच्या तिकिटामागच्या बारीक अक्षरांसारख्या सोडून देतात.

लागणारं साहित्य

कान, दोन.
बायबल, एक, वाचलेलं.
समोरच्याच्या धर्माची माहिती, त्याच्याच तोंडून ऐकलेली.
"मला माहीत नाही" हे वाक्य, सहज काढता येईल अशा खिशात.
चहाचे पैसे, दोघांचे.

मुख्य तत्त्व

आमच्याकडे जुन्या, धोट्याच्या मागांवर एक जॉबर आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माग बंद पडला की विणकर हात वर करतो आणि अण्णा पाना घेऊन निघतात. आल्या आल्या पाना चालवत नाहीत. आधी विणकराला विचारतात, काय झालं. मग मागावर तळहात ठेवून तो एकदा चालवायला लावतात. शेडमध्ये एवढी धडधड असते की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं, पण अण्णांना त्या एका मागाचा खटका वेगळा ऐकू येतो. धोटा अडतोय, ताणा सैल आहे का पट्टा घसरतोय हे कळलं की दोन मिनिटांचं काम. माग सुरू झाला की अण्णा पुढे जातात. चादर विणत बसत नाहीत. ती विणकराची.

एकदा नव्या हेल्पर पोराने हुशारी दाखवायला चालत्या मागाचा नट पिळला. ताण्याचे धागे तटातटा तुटले आणि ते सांधण्यात अख्खी पाळी गेली. अण्णांनी आवाजही चढवला नाही. म्हणाले, "चालू मागाला हात लावायचा न्हाई बे."

धर्मसमर्थक हा जॉबर असतो. एखाद्याचा विश्वास, किंवा विश्वासाकडे येणारी त्याची वाट, एखाद्या शंकेपाशी अडली असेल, तर अडलंय ते मोकळं करणं एवढं त्याचं काम. पुढचं कापड विणणं ख्रिस्ती माणसाच्या समजुतीप्रमाणे पवित्र आत्म्याचं, आणि बाकीच्यांच्या समजुतीप्रमाणे ज्याचं त्याचं. खरं तर पुस्तिका इथेच संपते. पण नवशिक्याला तत्त्व पटत नाही, ठेच पटते. म्हणून पुढच्या सूचना.

सूचना १: चर्चची मराठी गेटवर ठेवावी

नवा उत्साह होता तेव्हा मी लोडिंगच्या मुकादमाला गंभीर आवाजात विचारलं, "मामा, तुमचं तारण झालंय का?"

मामा म्हणाले, "झालंय की. बायकोच्या पाटल्या सोसायटीत हायत. व्याज लई लागतंय."

आपल्याकडे तारण म्हणजे उद्धार. बाजारात तारण म्हणजे गहाण. मामांचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न चुकला होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि इथली भाषा इतकी शिकला, की १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' मराठी ओव्यांत छापून निघालं. दहा हजारांहून जास्त ओव्या. त्यात पाद्री-गुरू कथा सांगतो आणि ऐकणारे मध्येच शंका काढतात, पुराणिकाला विचारावं तशा. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाने एवढं केलं. आपण इथे जन्मलो आणि आपलं बोलणं मात्र परगावाहून पार्सलने आल्यासारखं.

सूचना २: चादरीच्या दाखल्यावर जास्त माल लादू नये

विल्यम पेली या इंग्रज पाद्र्याने १८०२ साली एक दाखला प्रसिद्ध केला: माळरानावर घड्याळ पडलेलं दिसलं, तर ते बनवणारा कोणीतरी असलाच पाहिजे, मग एवढं जग बनवणारा नको का? एमआयडीसीत घड्याळाच्या जागी आपोआप चादर येते. मी ती फोल्डिंग खात्यात उलगडून दाखवली. म्हटलं, ही जेकॉर्डची नक्षी बघा, ही काय आपोआप पडली? विणणारा आहे, म्हणून चादर आहे.

तिथे दिवसभर मालातले दोष शोधणाऱ्या एक मावशी बसतात. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मग धागा सुटलेल्या चादरीचे पैसे कुणाच्या पगारातनं कापायचे?"

डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचं या विषयावरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७७९ साली, म्हणजे पेलीच्या २३ वर्षं आधी, निघालं होतं. त्यात हीच अडचण आहे: जगात एवढे दोष दिसतात, तर करणाऱ्याविषयी काय समजायचं? मावशींनी ह्यूम वाचलेला नाही. त्यांना गरजही नव्हती. त्या तपासणीला बसतात.

दाखला टाकाऊ नाही. जगात व्यवस्था दिसते म्हणून देवाचा विचार करणारा माणूस खुळा नव्हे, एवढं तो नीट वाहून नेतो. पण त्या विणकराचं नाव काय, त्याचा चादरीवर जीव आहे का, तो क्रुसावर गेला का, हे सगळं त्याच टेम्पोत भरलं की पाटा तुटतो.

सूचना ३: सामने भरवू नयेत

जाहीर सामन्यांचा मराठी मुलखाला जुना अनुभव आहे. १८३१ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. मोरभटांनी हिंदू धर्माच्या बाजूने पुस्तक लिहिलं. विल्सनने १८३२ साली त्याला उत्तर म्हणून पुस्तक काढलं; हिंदू धर्म उघडा पाडण्याची भाषा त्याच्या नावातच होती. मग साताऱ्याच्या नारायणरावांनी लिहिलं. विल्सनने १८३४ साली दुसरं पुस्तक काढलं. दोन्ही बाजू आपापल्या जागी राहिल्या. भलं झालं असेल तर छापखान्याचं.

पुढचा सामना समुद्रकिनाऱ्यावर. १८५७च्या पहिल्या सहामाहीत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या किनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत. ऐकायला गर्दी लोटे. समोर इतरांबरोबर जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी असे. त्याने या वादांचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत छापला; बुवांच्या बाजूचं मराठी पुस्तक १८७२ साली आलं. कोण जिंकलं ते तुम्ही कोणतं पुस्तक हातात घेता त्यावर आहे.

पण या बोवेनची बाकीची गोष्ट नवशिक्याने लक्षात ठेवावी. तरुणपणी तो स्वतः धर्म न मानणारा होता. ज्या मुलीशी लग्न व्हायचं होतं ती वारली, आणि तिने त्याच्यासाठी ठेवलेलं बायबल त्याने उघडलं. १८४८ साली तो मुंबईला आला, थोड्याच दिवसांत मिशनचा पगार नाकारला, वस्तीत साध्या खोलीत राहिला आणि १८८८ साली मरेपर्यंत मायदेशी परत गेला नाही. किनाऱ्यावरचे त्याचे मुद्दे आज अभ्यासकांपुरते उरले. त्याला मान मिळाला तो त्याच्या राहणीमुळे, आणि तो ख्रिस्ती नसलेल्यांनीही दिला.

सूचना ४: खरं असेल ते आधी कबूल करावं

"बाटलात तेव्हा गहू किती मिळाला?" हा प्रश्न येणारच. तो मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांत येतो, कारण आपल्या शेडमध्ये चारही चालतात. अशा वेळी नवशिका तापतो. तापू नये. १८७६ ते ७८चा दुष्काळ सोलापूर भागाला भयानक गेला. शतकाच्या शेवटी पुन्हा तेच झालं. त्या काळात मिशनऱ्यांनी भुकेल्यांना अन्न दिलं, हे खरं. काही माणसं पोटासाठी आली, हेही खरं. पोट भरल्यावर, चांगले दिवस आल्यावरही पुष्कळ राहिली, हे तिसरं खरं. ते सांगायचा हक्क पहिली दोन कबूल करणाऱ्यालाच मिळतो.

गोव्याच्या इन्क्विझिशनचंही तेच. ते न्यायालय १५६० साली सुरू झालं आणि १८१२ साली कायमचं बंद झालं. त्याचं समर्थन करायला बसू नये. "तेव्हाची परिस्थिती वेगळी होती" हे वाक्य तोंडात आलं तर चहाबरोबर गिळावं. बचाव विश्वासाचा करायचा असतो. आपल्या माणसांच्या प्रत्येक पापाचं वकीलपत्र घ्यायचं नसतं.

सूचना ५: जखमेला पाना लावू नये

ही सूचना सगळ्यात उशिरा कळते, म्हणून ती ठळक अक्षरांत भिंतीवर लावावी.

आमच्याकडे कांडी भरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा आठ दिवसांच्या तापात गेला. महिन्याने त्या कामावर परतल्या. मी सुताची चिठ्ठी घेऊन गेलो, तेव्हा कांडीवरची नजर न काढता म्हणाल्या, "तुमचा येशू मेलेल्या पोरीला उठवतो म्हणं. माझ्या पोराच्या टायमाला कुठं गेलता?"

मला वाटलं, हा प्रश्न आहे. माझी तयारीही होती. मनुष्याचं इच्छास्वातंत्र्य, पतित सृष्टी, दुःखातून घडणारा स्वभाव, शेवटचं पुनरुत्थान: चार मुद्दे क्रमाने सांगितले. एकही तर्काला सोडून नव्हता. बाई ऐकत होत्या. कांडी भरली, त्यांनी ती काढून पेटीत टाकली, दुसरी लावली, धागा जिभेने ओला करून गुंडाळला. मग म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही.

त्याच दुपारी अण्णा त्यांच्याजवळ जाऊन बसले. रिकामी पेटी पालथी घातली, दोन चहा मागवले, आणि सुट्टी संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. अण्णा ख्रिस्ती नाहीत. पण ईयोबाचं पुस्तक माझ्यापेक्षा त्यांनाच नीट कळलं असतं. त्यात मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर गप्प बसतात. तिथवर ते शहाणे होते. मग ते धर्मसमर्थन सुरू करतात, आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्यांच्यावर. देवालाच जाब विचारणाऱ्या ईयोबाचं बोलणं तो बरोबर ठरवतो.

धोक्याची सूचना: यंत्र चालवणाऱ्यालाही लागते

नीलकंठशास्त्री गोऱ्हे हे काशीत वाढलेले कोकणस्थ पंडित. जॉन म्यूर या संस्कृतच्या अभ्यासकाने १८३९ साली संस्कृतात 'मतपरीक्षा' लिहून ख्रिस्ती मताची बाजू मांडली. तिला गोऱ्ह्यांनी १८४४च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिलं. खंडन करायचं म्हणून ख्रिस्ती ग्रंथ वाचता वाचता १८४८ साली त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला आणि १८६० साली 'षड्दर्शनदर्पण' लिहून उलट बाजूने तेवढ्याच कसून वाद घातला. मात्र दोन्हीकडचे युक्तिवाद घरात भरून ठेवणाऱ्याला झोप लागत नाही. गोऱ्ह्यांना शंकांनी आयुष्यभर छळलं.

वेल्समध्ये सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाने १९४५ साली पाद्र्यांसमोर बोलताना हीच कबुली दिली होती: ज्या तत्त्वाचा आपण नुकताच यशस्वी बचाव केला, तेच आपल्याला त्या क्षणी सगळ्यात फिकट वाटतं. कारण सरळ आहे. वाद जिंकताना विश्वास काही वेळ आपल्या शब्दांवर उभा राहतो, आणि आपले शब्द किती वजन पेलतात ते आपल्याइतकं कोणाला माहीत असतं? तेव्हा वाद झाल्यावर घरी जावं, दार लावावं आणि प्रार्थना करावी. विषय पुन्हा काढू नये; देवाकडेही नाही.

क्षमता आणि मर्यादा

सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई ब्राह्मो मताकडे झुकलेल्या असताना त्यांच्या शंका फेडण्यात याच गोऱ्ह्यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे उपकरण चाललं. पण प्रश्न थांबले नाहीत. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नको, असं त्यांनी आपल्या गुरुस्थानी असलेल्या धर्मभगिनीला ठणकावून विचारलं. आणि १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी सांगितलं, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा राहिला होता.

यंत्राची क्षमता आणि मर्यादा या एका कबुलीत मोजून दिली आहे. गोऱ्ह्यांसारखा जॉबर मिळाला, सगळे अडसर निघाले, आणि तरी आठ वर्षं बाकी होती.

दुसरा दाखला मराठी वाचकांच्या घरातला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीत एका परक्या प्रवाशाने नवा करार दिला; १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. कवी, पंडित, बोलायला लागले की सभा जिंकणारे. आणि घरात लक्ष्मीबाई. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत एकत्र आल्यावरही स्वयंपाक वेगळा ठेवला. सोवळं-ओवळं सुटलं ते एके दिवशी त्यांनी स्वतः विचार केला म्हणून, आणि बाप्तिस्मा त्यानंतर. एवढा वक्ता नवरा असून एवढा वेळ लागला. तुम्ही दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत काय उरकणार आहात?

टिळक स्वतः म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये पेटीवर गायली जातात. पूल पाडून कोणी पलीकडे जात नाही, हे विल्सनच्या दोन पुस्तकांना जमलं नाही ते त्यांनी गाऊन सांगितलं.

बिघाड आणि उपाय

*समोरचा गप्प झाला.* तो पटला असं समजू नये. बहुधा त्याला कामावर जायचं आहे.

*समोरच्याचा प्रश्न आपल्याला चावला.* उत्तम. तो घरी न्यावा. प्रामाणिक प्रश्न महिनाभर टिकतो, फ्रिज लागत नाही.

*आवाज चढला.* पट्टा घसरला आहे. यंत्र ताबडतोब बंद करावं.

*बोलताना आजूबाजूला माणसं जमली.* हा आता संवाद राहिला नाही, गड्ड्याची जत्रा झाली. पाळणा थांबवून उतरावं.

*समोरचा सुखात, आपल्या देवाशी नीट, काही विचारतही नाही.* माग चालू आहे. अण्णांचं वाक्य आठवावं.

हमी

नीट वापरल्यास खोटा आरोप खोडणं, गैरसमज काढणं, प्रामाणिक शंकेला प्रामाणिक उत्तर देणं, एवढ्याची हमी आहे. विश्वास निर्माण करणं, शोक हलका करणं, मैत्री टिकवणं आणि वाद घालणाऱ्याचं गर्वहरण करणं हमीत बसत नाही. शेवटच्या कामासाठी फोल्डिंग खात्यातल्या मावशींना भेटावं.

पुस्तिका मिटल्यावर एकच काम करा. ज्याला तुम्ही शेवटचं हरवलंत, त्याला आज फोन करा. घरचं विचारा, पोरांच्या शाळेचं विचारा. विषय काढू नका.